काळ्या मनुकांच्या फडक्यातून

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, काचेच्या कपाटात चांदीच्या पेल्याशेजारी आजीने रिकामी बाटली कशाला ठेवली आहे? आजोबा पलंगावरून ओरडले, "तुमच्या आजीला ती उघडता आली नाही म्हणून!" तेवढ्यात तुमच्या आईला कामाला निघायचं होतं आणि विषय तिथेच राहिला. फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा नीट लिहून पाठवते. तुमची आई मराठी वाचून दाखवेल.

ही गोष्ट गेल्या हिवाळ्यातली, आजोबांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या आधीच्या शुक्रवारची. शनिवारी रात्री त्यांना दाखल करायचं होतं, रविवारी ऑपरेशन. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, त्यासाठी इस्रायलहून आले होते. पुष्कळ वर्षांनी आले होते, आणि ती मधली वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी आपल्या घरी काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. दिवे लावायचे, आशीर्वाद म्हणायचा, आणि पेला मोठ्याकडून धाकट्याकडे फिरवायचा. सगळ्यांनी त्याच पेल्यातून घोट घ्यायचा. तुमच्या घरी त्या पेल्यात वाइन असते. इथे कधीच नव्हती. कोकणातल्या आपल्या ज्यू लोकांना वाइन मिळणार कुठून? आम्ही काळ्या मनुकांचं सरबत करतो. मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी त्याच पाण्यात उकळायच्या, निवल्यावर हाताने कुस्करायच्या आणि मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायच्या. माझ्या सासूबाई उकळायच्या म्हणून मी उकळते. काही घरांत नुसतंच भिजवून पिळतात. मला वाटायचं, उकळलं की लवकर आंबत नाही, एवढंच त्यामागचं कारण.

मागच्या खेपेला दीर आले होते ते सासूबाईंच्या वर्षश्राद्धासारख्या प्रार्थनेला. त्या संध्याकाळी पेला त्यांच्यापर्यंत आला आणि त्यांनी तो ओठांना न लावता टेबलावर ठेवला. पुढे दोघे भाऊ आतल्या खोलीत गेले, दार लागलं, आवाज चढले. दुसऱ्या दिवशी दीर विमानतळावर गेले. मी विचारलं तेव्हा हे, म्हणजे तुमचे आजोबा, एवढंच म्हणाले, "त्याला आपल्या घरचं चालत नाही." त्यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही, आणि मी ओळखते ना त्यांना, मी खोदलं नाही.

आता ऑपरेशनची तारीख ठरल्यावर त्यांनी स्वतःच भावाला फोन केला. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "येतोय. मला आत नेण्याआधी त्याच्याबरोबर एका पेल्यातून एक घोट घ्यायचाय. बाकी काही नको." डॉक्टरांनी एका घोटाला हरकत घेतली नव्हती.

दीर गुरुवारी पोचले आणि बॅग उघडून पहिल्यांदा बाहेर काढली ती बाटली. लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली. फ्रान्समधल्या बोर्दोच्या एका जुन्या मळ्यातली. जाऊबाई असताना दोघे तिथे फिरायला गेले होते. दीर सांगत होते, जमीन सगळी गोट्यांची, चालताना पायाखाली खडखडते. वेलींच्या प्रत्येक रांगेच्या टोकाला एक गुलाबाचं झाड. आणि तो मळा काही वर्षी थोडी पिंपं आपल्या धर्माच्या नियमांप्रमाणे वेगळी भरतो. जाऊबाईंनी ही बाटली निवडली होती. "ही दादाला," असं म्हणून. त्या गेल्या, बाटली अंधाऱ्या कपाटात आडवी पडून राहिली.

"आता उभी ठेवा, वहिनी," ते म्हणाले. "गाळ खाली बसू दे. फ्रिजमध्ये नको. उद्या मी प्रार्थनेला गेलो की उघडून ठेवा, तिला जरा हवा लागली पाहिजे. तुम्हीच उघडा हं. आणि यंदा सरबताच्या भानगडीत पडू नका."

"तुम्हीच उघडा" हे मी मानाने म्हटलेलं समजले. घरच्या बाईला मान.

आणि सरबताचं म्हणाल तर, मनुका मी गुरुवारी रात्री भिजत घातल्याच. हाताला सवय, दुसरं काय. सकाळी जाग आल्यावर लक्षात आलं. टाकवेनात. उकळल्या, कुस्करल्या, पिळल्या आणि पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात डब्यांमागे झाकून ठेवलं. दिरांना दिसलं तर त्यांना वाटायचं, मी त्यांच्या बाटलीवर विश्वास ठेवला नाही. फडकं धुऊन खिडकीच्या गजावर वाळत घातलं.

दुपारी आपल्या समोरच्या मावशी आल्या. तुम्ही लहानपणी त्यांच्या गच्चीवर पतंग उडवायचात, त्याच. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते, मीही म्हणते, खरं तर आम्ही एका वयाच्या. त्यांच्या सासरच्यांची पूर्वी मिठागरं होती, आता इमारती आहेत, आणि मुलाचं खारघरला मोठं हॉटेल आहे. त्यांच्या दोन्ही मुलांना मी इंग्रजी शिकवलं म्हणून त्या मला अजून बाई म्हणतात. सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या दिवसांत मी शाळेत जायचे तेव्हा त्यांच्याजवळ बसायच्या त्या मावशीच.

"बाई, रावस आनलाय करंजा बंदरावरचा. ताजा हाय. खवल्यांचाच हाय, बघा, नायतर तुमचे पावने तोंड वाकडं करतील," असं म्हणत त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. बिनखवल्यांचा मासा आपल्यात चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. "रातीला मी येनार हाय जेवायला. बोलावलं नसलं तरी."

"बोलावलंय की."

"मंग झालं."

ऊन उतरायला लागल्यावर दीर टोपी घालून प्रार्थनेला निघाले. हे आत पडले होते. चार पावलं चाललं तरी त्यांना दम लागायचा. मी नारळाच्या दुधातली माशाची कढी मंद आचेवर ठेवली आणि बाटली घेतली. ओपनर दिरांनी स्वतःचा आणला होता. मी तो बुचात फिरवला, ओढला, आणि बूच मधोमध तुटलं. अर्धं वर, अर्धं आत. पुन्हा फिरवला तर आतल्या तुकड्याचा भुगा झाला. बाटली पोटाशी धरून मी ओट्यापाशी उभी राहिले. जाऊबाईंची बाटली.

"आना हिकडं," मावशी म्हणाल्या. त्या टेबलाशी बसून कोथिंबीर निवडत होत्या. "आमच्या हाटेलात रोजचं हाय ते." त्यांनी ओपनर तिरका घातला, जीभ दातांत धरून हळूहळू फिरवला आणि उरलेलं बूच बाहेर काढलं. तरी भुगा आत तरंगत होताच. "गालायला पायजे. कायतरी बारीक द्या."

मी गजावरचं फडकं काढून दिलं. त्यांनी ते काचेच्या जगावर धरलं आणि बाटली तिरकी करून ओतायला लागल्या. एवढी बारीक धार! शेवटी तळाचा काळा गाळ दिसायला लागला तसा हात थांबवला. जग खिडकीजवळ नेऊन बघितला, नाक घातलं.

"जांभलाच्या सालीचा वास येतोय, बाई! वाइनला फलाचा वास येतो असं माजा पोरगा बोलतो, मला वाटायचं गिऱ्हाइकाला बनवतोय."

त्या घरी साडी बदलायला गेल्या. मी दिवे लावायची तयारी करत होते, तेवढ्यात हे भिंतीला धरत धरत बाहेर आले. टेबलावरचा जग बघितला, ओलं लाल फडकं बघितलं.

"कुणी ओतलं?"

"मावशींनी. बूच तुटलं माझ्याकडून."

ते खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं दुखायला लागलं. मी गोळी आणायला वळले.

"गोळी नको. बस." मग म्हणाले, "तो पिणार नाही."

आणि तेव्हा त्यांनी मला सांगितलं, जे इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. आपल्या धर्मात एक फार जुना नियम आहे. लोक वाइन मूर्तीपुढे वाहायचे त्या काळातला. न उकळलेली वाइन आपल्यापैकी नसलेल्या माणसाने उघडली किंवा ओतली, तर कडक पाळणारे लोक ती पीत नाहीत. आपल्या आजी-पणजींना हे कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही शेकडो वर्षं कोकणात तेलाचे घाणे चालवत, शनिवारी ते बंद ठेवत जगलो, बारीकसारीक नियम आमच्यापर्यंत आलेच नाहीत. दीर तिकडे जाऊन ते शिकले. मागच्या खेपेला त्यांनी दारातून पाहिलं होतं, मनुका मावशी पिळत होत्या.

"मी त्याला म्हटलं, या बाईने आईला शेवटचं पाणी पाजलं. तिचे हात तुला चालत नसतील तर या घरात येऊ नकोस." हे दम घ्यायला थांबले. "मावशींना कळू नये म्हणून तुला सांगितलं नाही. तुझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळतं."

बाहेर उजेड पिवळा पडत चालला होता. दिवे सूर्य बुडायच्या आत लावायला हवेत. मी काडी ओढली, ती विझली, दुसरी ओढली. डोळ्यांवर हात धरले खरे, पण प्रार्थनेचे शब्द ओठांवर नुसतेच फिरत होते.

मी हात काढले तेव्हा हे माझ्याकडे बघत होते. "सांगू नकोस त्याला."

"अहो, ते विचारतील."

"तू उघडलीस म्हण. निम्मं बूच तू काढलंसच."

"आणि मावशी? त्या आल्या की पहिलं वाक्य तेच बोलणार."

"त्यांना सांग, गप्प राहा."

"का गप्प राहा, ते काय सांगू?"

"रविवारी मला आत नेतील," एवढंच ते म्हणाले, भिंतीकडे बघत.

मला सगळं समजत होतं. एक शब्द फिरवला की त्यांना हवा तो घोट मिळणार होता. आणि समोरच्या माणसाला न सांगता, ज्यापासून तो आयुष्यभर स्वतःला जपत आला, तेच आम्ही त्याच्या घशाखाली घालणार होतो. त्याच्या बायकोच्या बाटलीतून. मी फडकं धुतलं. पुन्हा धुतलं. डाग गेला नाही.

जिन्यात पावलं वाजली. दीर आत आले, शुभेच्छा देऊन भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि जग पाहून त्यांचा चेहरा उजळला. जग दिव्यासमोर धरून म्हणाले, "बघ दादा, कडेला विटकरी झालीय. वय झालं की अशी होते. तरुण असती तर जांभळी दिसली असती." मग त्यांना टेबलावरचे बुचाचे तुकडे दिसले. "अरेरे, तुटलं? जुनं होतं. तुम्ही उघडलीत ना, वहिनी?"

हे खाली बघत होते. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर आवळलेली मला दिसत होती.

"नाही, भाऊजी," मी म्हणाले.

"मी उघडली!" दारातून मावशी. नवी हिरवी साडी, केसांत गजरा. "बाईंनी तर बुचाचा पार चुरा केला होता. मी नसते तर बसला असता तुमी चमच्याने खात."

दिरांनी जग टेबलावर ठेवला. फार हळू ठेवला. मावशींनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय झालं? खराब निघाली काय?"

"नाही, नाही. खराब नाही," दीर म्हणाले.

"मग बोल," आजोबा म्हणाले. आवाज बारीक होता पण थरथरत नव्हता. "मागच्या वेळी दार लावून मला सांगितलंस. आज त्यांच्यासमोर सांग."

"दादा, तू शांत राहा. तुझी तब्येत..."

"माझी तब्येत बघायला डॉक्टर आहेत. बोल."

दीर बोलले. अडखळत, एकेक मराठी शब्द शोधत. नियम फार जुना आहे. तो मावशींबद्दल नाही. त्यांचं कुणाविषयी वाईट मत नाही. मावशी शेवटपर्यंत ऐकून घेत होत्या.

"म्हंजे माजा हात लागला म्हून."

"हो. पण..."

"पन कशाला? आमच्याकडं देवाचा निवद कुनी वाढायच्या आधी चाखला तर मीबी घर डोक्यावर घेते. समजतंय मला." त्यांनी ओट्यावरचा रिकामा डबा उचलला. "समजतंय हो. पन म्हातारीला पानी पाजताना कुनी इचारलं नव्हतं मला, मी कोनाची म्हून."

आणि त्या दाराकडे निघाल्या. मी आडवी गेले. "मावशी, उपाशी जायचं नाही," एवढंच तोंडातून निघालं. त्यांचे डोळे भरलेले मी इतक्या वर्षांत दोनदा पाहिले असतील. आजोबा उठायला बघत होते, छातीवर हात धरून, आणि मी कुणाकडे धावावं ते कळेना.

"वहिनी," दीर मागून म्हणाले, "तुम्ही सरबत केलंय?"

पातेल्यावरचं झाकण मांजराने की कशाने सरकलं होतं कोण जाणे. मनुकांचा गोड वास घरभर होता. मला लपवण्यात आता अर्थ वाटला नाही. "सवयीने केलं, भाऊजी. राग मानू नका."

"आई उकळायची. तुम्ही?"

"मीही उकळते."

"नेहमी?"

"नेहमी."

"मी मागे आलो होतो तेव्हा?"

"तेव्हाही. मी दुसऱ्या तऱ्हेने कधी केलंच नाही."

ते उभे होते ते खुर्चीत बसले. टोपी काढली, पुन्हा घातली. "उकळलं असेल तर कुणीही पिळो, कुणीही ओतो, चालतं," ते म्हणाले. "चालतं, दादा. मी त्या दिवशी विचारलंच नाही. मावशींचे हात लाल दिसले आणि मी पेला ठेवून दिला. एक प्रश्न विचारायचा होता."

खिडकीवरून एक विमान उतरत गेलं, तावदानं थरथरली आणि थांबली.

दीर उठले, कपाटातून चांदीचा पेला काढला आणि मावशींसमोर धरला. "मावशी, सरबत तुम्ही ओता."

"पुन्ना मीच?"

"तुम्हीच."

मावशींनी पदराने नाक पुसलं. डबा मात्र खाली ठेवला नाही, काखेतच धरला. "सांडलं तर आता बोलायचं नाय कुनी," म्हणाल्या, आणि पेला काठोकाठ भरला.

आशीर्वाद दिरांनी म्हटला, सासऱ्यांच्या जुन्या चालीत. ती चाल त्यांना अजून येते हे मला माहीत नव्हतं. पेला आजोबांकडे आला. पेला काठोकाठ होता, म्हणून दिरांनी खालून आपला हात लावला. आजोबा प्यायले. मग दीर प्यायले, दोन घोट. मग मी. शेवटी मावशी, आणि त्यांनी पेला पार रिकामा केला.

आता तुम्ही विचाराल, मग त्या वाइनचं काय झालं?

जेवण झाल्यावर दिरांनीच तीन काचेचे ग्लास मागितले. "मी नाही पिणार. पण वास घ्यायला मनाई नाही. तुम्ही प्या आणि मला सांगा. घाई करायची नाही. आधी नाक." त्यांनी जग उचलून नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसेच राहिले. त्यांच्या मनात त्या गुलाबांच्या रांगा असतील, जाऊबाई असतील.

मी आयुष्यात पहिल्यांदा वाइन पीत होते. मला वाटत होतं, सरबतासारखी गोड असेल. गोड मुळीच नव्हती. आधी जिभेवर काही कळलंच नाही, इतकी हलकी. मग हिरड्या जराशा आवळल्या, आणि गिळून झाल्यावर चव यायला लागली, आणि येतच राहिली. आपण बोलणं संपवावं आणि ऐकणाऱ्याच्या मनात ते चालू राहावं, तसं काहीतरी.

"जांभूलच," मावशी म्हणाल्या. "पन झाडावरचं नाय. टोपलीत दोन दिस राह्यलेलं. जीभ वढतेय बघा तशीच."

"दादा?"

आजोबांचा ग्लास जेमतेम ओला होता. त्यांनी हुंगलं, ओठ भिजवले, पुन्हा हुंगलं. तुम्हाला माहीत आहे, ते जन्मभर ड्रॉइंगच्या टेबलावर नकाशे काढत बसले. "पेन्सिल," ते म्हणाले.

"काय?"

"पेन्सिलीला टोक करताना भुसा पडतो ना, त्याचा वास. लाकूड आणि शिसं."

दीर मोठ्याने हसले, या घरात ते असे हसलेले मी लग्नाच्या वर्षानंतर ऐकले नव्हते. "अरे, तिकडचे जाणकार हेच लिहितात! पेन्सिलीचं शिसं, देवदाराचं लाकूड. आणि मला इतक्या वर्षांत ते कधी सापडलं नाही. ती म्हणायची, तुझ्या नाकात दोष आहे." मग जग पुन्हा नाकाशी नेला. "आहे," म्हणाले. "आहे खरंच. मागून येतं."

मावशींनी आपला ग्लास संपवून माझाही ओढला. "तुमचा नियम बरा हाय," त्यांना म्हणाल्या, "आमच्या वाट्याला जास्त येतं."

पण उठताना मला हळूच म्हणाल्या, "लागलं हो बाई मला. लागायचं ते लागलंच." मी त्यांचा हात धरून त्यांच्या दारापर्यंत गेले. परत आले तेव्हा रिकामी बाटली ओट्यावर होती, ती उचलून काचेच्या कपाटात पेल्याशेजारी ठेवली; तेव्हापासून ती तिथेच आहे.

रविवारी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत स्ट्रेचरच्या एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला दीर. दार बंद झाल्यावर दीर बाकावर बसून स्तोत्रं म्हणत राहिले, आणि मावशी त्यांच्या शेजारी बसून जपमाळ ओढत राहिल्या. डॉक्टर बाहेर येईपर्यंत दोघांचंही चालूच होतं. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे; आजोबा पलंगावरून ओरडू शकतात ते त्यामुळेच.

आता दर शुक्रवारी, इथला सूर्य बुडायच्या आत, दिरांचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वहिनी, उकळलंत ना?" मग फोन आजोबांकडे जातो. मागच्या आठवड्यात म्हणाले, पुढच्या हिवाळ्यात तसलीच दुसरी बाटली घेऊन येणार, आणि या वेळी बूच ते स्वतः काढणार. मावशी इथेच बसल्या होत्या. फोनकडे तोंड करून ओरडल्या, "काढा की! तुटलं की मंग बोलवाल मला, आनि मंग पुन्ना सगली माज्याच ग्लासात!"